मॅकबेथच्या खंजिराला दोरा बांधायचा की नाही?

विंगेतला (धागालेखक)

मंडळी, आमची हौशी नाट्यसंस्था यंदा 'मॅकबेथ' करतेय. दीड तासाची मराठी रंगावृत्ती आहे. माझ्याकडे प्रकाशयोजना आणि 'बाकीचं', म्हणजे चहा सांगणं, नेपथ्याचा टेम्पो ठरवणं आणि भांडणं मिटवणं. शेवटचं जमेना म्हणून हा धागा.

राजा डंकनचा खून करायला जाताना मॅकबेथला हवेत तरंगणारा खंजीर दिसतो, तो प्रवेश सगळ्यांना माहीत असेल. आमचे दिग्दर्शक म्हणतात, खंजीर काळ्या दोऱ्याला बांधायचा, मागे अंधारात तिघी चेटकिणी उभ्या करायच्या आणि दोरा त्यांच्या हातात द्यायचा. खंजीर पुढे सरकला की मॅकबेथ त्याच्या मागे चालत जाईल. मॅकबेथचं काम करणारा मित्र म्हणतो, "मग मला कशाला घेतलंय? बाहुली आणा. खंजीर लोकांना दिसला की पाप चेटकिणींचं. दिसला नाही तरच ते माझं."

गेला आठवडाभर तालीम इथेच अडून बसली आहे. मला स्वतःला दिग्दर्शकांचं पटतं. पहिल्या अंकात हा माणूस शूर आहे, राजनिष्ठ आहे, बायकोवर जीव आहे. चेटकिणी भेटल्या नसत्या आणि बायको मागे लागली नसती, तर म्हातारपणी नातवंडांना लढाईच्या गोष्टी सांगत बसला असता. (नातवंडं नसती, पण मुद्दा लक्षात घ्या.) तुम्हाला काय वाटतं? हा माणूस बाहेरून बिघडला की मुळातच तसा होता?

पेठकर

तीन अनोळखी बायकांनी रस्त्यात गाठून सांगितलं 'तू राजा होणार' आणि याने खून पाडला. आमच्याकडे एक चांगली ओळखीची बाई तीन महिने सांगतेय की न्हाणीघराचा नळ बदला. अजून गळतोय.

प्रभाव पडायलाही माणूस तयारीचा लागतो. दोरा नको.

अनुस्वार

पेठकरांनी एका नळात उरकलं ते मी वर्गात चार तासिका घेऊन शिकवते.

चेटकिणी नेमकं काय बोलतात ते पाहा. ग्लॅमिसचा सरदार, कॉडरचा सरदार, आणि पुढे राजा. संपलं. 'मार' हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. डंकनचं नावही नाही. खुनाचा उच्चार पहिल्यांदा करतो तो मॅकबेथच, स्वगतात, तोही कॉडरची सरदारकी मिळाल्याची बातमी येऊन दोन मिनिटं झाली नसताना. ज्या कल्पनेने माझे केस उभे राहतात तिला मी शरण का जातोय, असं स्वतःलाच विचारतो. ती कल्पना त्याला दिली कोणी? भविष्य सांगितलं 'पगारवाढ होईल' असं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच तिजोरी फोडायचा बेत. यात ज्योतिषाचा काय दोष?

त्याच्याही आधीची एक बारीक जागा आहे. भविष्य ऐकताच मॅकबेथ दचकतो. शेजारी उभा असलेला त्याच्या जोडीचा सेनापती बँको विचारतो की अरे, इतकं गोड बोलतायत आणि तू घाबरतोस काय? चांगली बातमी ऐकून माणूस दचकतो कधी? आपण मनात दडवलेलं दुसऱ्याने मोठ्याने म्हटलं तर. नटाने ते दचकणं नीट केलं तर पुढे खंजीर दाखवायची गरजच उरत नाही.

आणि बँकोनेही त्याच चेटकिणींकडून त्याच माळावर भविष्य ऐकलं होतं, तुझे वंशज राजे होतील म्हणून. त्याने कोणाला मारलं?

रानजाई

अनुस्वार, तुमचं बोलणं बिनतोड वाटतं, म्हणूनच मला पटत नाही.

बँकोला मिळालेलं भविष्य फुकटचं होतं. त्याच्या वंशजांना गादी मिळणार, त्याने स्वतः काही करायची गरजच नाही. मॅकबेथचं तसं नाही. शिवाय त्याच संध्याकाळी डंकन सगळ्यांसमोर मुलाला, मॅल्कमला, वारस जाहीर करतो. त्याआधी मॅकबेथ म्हणाला होता की नशिबात असेल तर नशीबच मुकुट घालेल, मी हातपाय हलवायला नकोत. म्हणजे थांबायला तयार होता की! वारसाची घोषणा झाली आणि थांबायची वाट बंद झाली. हा बाहेरचा रेटा नाही तर काय?

आणि बँको अगदी धुतल्या तांदळासारखा नाही हां. खुनाच्या रात्री तो देवाला विनवतो की झोपेत मनात येणारे वाईट विचार आवर. तलवार मुलाकडे देतो, पाऊल वाजल्यावर परत मागतो. काल त्या तिघी स्वप्नात आल्या होत्या हेही मॅकबेथला सांगतो. मॅकबेथ म्हणतो, मी त्यांचा विचारसुद्धा करत नाही! (खोटारडा.) म्हणजे विष दोघांच्याही पोटात होतं. एकाने देवाला सांगितलं, दुसऱ्याने बायकोला. बायको कोणती मिळाली हे ज्याच्या त्याच्या आत असतं का?

पेठकर

नळाबद्दल मी देवालाही सांगून पाहिलंय.

चष्मेबद्दूर७७

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

गडवाट

तुम्ही सगळे ज्या माणसाबद्दल भांडताय तो खरा कसा होता ते सांगतो, म्हणजे भांडण आणखी रंगेल.

खरा मॅकबेथ स्कॉटलंडचा राजा होता, १०४० ते १०५७. सतरा वर्षं. डंकन म्हातारा आणि संतसज्जन नव्हता, तरणा होता, आणि तो झोपेत नाही तर लढाईत मेला. त्या काळी तिथे बापानंतर मुलगा असा सरळ हिशोब नव्हता, राजघराण्यातल्या कर्त्या पुरुषाला गादी मिळे. मॅकबेथचा दावा अगदीच पोकळ नव्हता, आणि त्याची बायको ग्रुओख स्वतः राजवंशातली होती. १०५० मध्ये हा रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे गरिबांना मूठमूठ पैसे वाटले अशी नोंद आहे. राज्य सोडून इतक्या लांब जातो म्हणजे मागे गादी बऱ्यापैकी सुरक्षित असणार.

झोपलेल्या पाहुण्या राजाचा खून आणि मागे लागणारी बायको हे शेक्सपिअरने हॉलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतल्या दुसऱ्याच गोष्टीतून उचललं, डोनवाल्डने डफ राजाला मारलं त्या. आणि रानजाई, बँकोबद्दल तुमचा संशय बरोबर आहे. त्याच बखरीत बँको कटात सामील आहे! पण नाटक लिहिलं गेलं १६०६ च्या सुमारास. इंग्लंडच्या गादीवर होता स्कॉटलंडहून आलेला जेम्स, तो स्वतःला बँकोचा वंशज मानायचा, आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच्याच आश्रयाखाली. आश्रयदात्याच्या पूर्वजाला खुनी दाखवून कोण पोट भरेल? तेव्हा बँको धुऊन निघाला. जेम्सने चेटूकविद्येवर एक ग्रंथही लिहिला होता, १५९७ मध्ये. चेटकिणींना नाटकात एवढा मान का, याचंही उत्तर मिळालं.

थोडक्यात, बँकोची 'अंतर्गत प्रवृत्ती' जेम्सच्या 'बाह्य प्रभावाने' सुधारली.

अनुस्वार

गडवाट, शेवटचं वाक्य चोरून वर्गात वापरणार आहे.

पण साधनांत काय होतं यापेक्षा शेक्सपिअरने काय बदललं ते बघा. बँकोला कटातून काढल्यामुळे राजाची मर्जी सांभाळली गेली हे खरं, पण मॅकबेथ एकटाही पडला. बखरीत त्याच्याबरोबर साथीदार होते, नाटकात नवराबायको आणि एक रात्र. दोष वाटून घ्यायला माणसंच ठेवली नाहीत.

निवांत_पाटील

इतके प्रतिसाद झाले आणि अजून कोणी 'ध चा मा' काढला नाही? हे मराठी संस्थळच आहे ना?

३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. 'काका, मला वाचवा.' राघोबादादा म्हणजे अटकेपर्यंत गेलेला सेनानी, इकडचा मॅकबेथच की. पराक्रमी, गादीच्या उंबरठ्यावर बसलेला, पुतण्यांमुळे अडलेला. आणि शेजारी आनंदीबाई. पत्रात 'धरावे' होतं, बाईंनी 'मारावे' केलं. अक्षर एक, पेशवा गेला. बाह्य प्रभावाचं यापेक्षा चोख उदाहरण जगात नसेल.

रानजाई

आलात वळणावर! पाटील, त्या एका अक्षराला आजवर ठोस पुरावा नाही, पण अडीचशे वर्षं आपण ते शाळेतल्या गोष्टीसारखं सांगतोय. का? कारण सोयीचं आहे. दादांनी पुतण्याला 'फक्त धरायला' सांगितलं होतं म्हटलं की अटकेपार झेंडा लावणारे दादा बरेचसे स्वच्छ राहतात. पगार थकलेल्या गारद्यांना तलवारी घेऊन वाड्यात घुसवणारा माणूस 'धरा' म्हणाला की 'मारा', फरक किती उरतो? रामशास्त्री प्रभुण्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते दादांना, अक्षराला नाही.

बाई दिसली की ओझं तिच्या डोक्यावर. कैकेयीच्या मागे मंथरा, राघोबाच्या मागे आनंदीबाई, मॅकबेथच्या मागे लेडी. तिला तर धड नावही नाही नाटकात.

निवांत_पाटील

अहो ताई, मी धाग्याला फोडणी दिली, तुम्ही मलाच परतायला घेतलंत.

गडवाट

पाटलांचं उदाहरण अगदीच अवांतर नाही. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' (१९०९) नेमकं याच प्रसंगावर आहे, आणि त्यातली आनंदीबाई लेडी मॅकबेथच्या सावलीत घडली आहे असं अभ्यासक म्हणत आलेत. म्हणजे आपल्या डोक्यातली आनंदीबाई काही अंशी स्कॉटलंडहून आलेली आहे! शिरवाडकरांनी तर 'मॅकबेथ'चंच 'राजमुकुट' केलं, १९५४ मध्ये. त्यात लेडी मॅकबेथची भूमिका दुर्गाबाई खोट्यांची, आणि 'भाऊबंदकी'त आनंदीबाईही त्यांनीच केली. एकाच नटीने दोघींना उभं केलं म्हटल्यावर प्रेक्षकांच्या मनात त्या दोघी जावाजावा झाल्या तर नवल काय?

मोरपंखी_मावशी

उशिरा आले. सुनेने लिंक दिली.

रानजाई, तू तावातावाने बोललीस पण तुझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा सोडलास बघ. मॅकबेथ म्हणतो आपण हे पुढे न्यायला नको, तेव्हा ती काय म्हणते? मग हा बेत माझ्यापाशी बोलायला लावणारं ते कोणतं जनावर होतं? तेव्हा जागा आणि वेळ जुळत नव्हती तर तू जुळवायला निघाला होतास, आता आपोआप जुळलीय तर कच खातोस? म्हणजे पहिलं बोलणं त्याचं! बाईने ते उचलून धरलं, नेटाला लावलं, हे खरं. पण बी तिचं नाही.

आणि ती तरी आतून दुष्ट कुठे आहे? दुष्ट असती तर भुतांना हाका मारून 'माझ्यातली बाई काढून घ्या, काळजातली दया गोठवा' असं मागणं मागावं लागलं नसतं. जे नाही तेच माणूस मागतं. झोपलेला राजा तिला वडिलांसारखा दिसला म्हणून तिच्याने सुरा चालवला गेला नाही, हे ती स्वतः सांगते. तो परत आला, पुन्हा आत जायला धजला नाही; खंजीर ठेवायला तीच आत गेली. ती हात धुऊ शकली नाही शेवटपर्यंत.

अजून एक. मेजवानीच्या प्रवेशानंतर ती एकदम शेवटच्या अंकात दिसते, झोपेत चालताना. मधल्या काळात फाइफचा सरदार मॅकडफ याची बायको आणि कच्चीबच्ची कापली गेली. त्यात ती कुठेही नाही. तरी झोपेत पुटपुटते की फाइफच्या सरदाराला बायको होती, आता कुठे आहे ती? जिने केलं नाही तिला झोप येत नाही.

अनुस्वार

मावशी, दंडवत. 'जे नाही तेच माणूस मागतं' हे मला आजवर सुचलं नव्हतं.

शेवटची_लोकल

इतके दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितो. नाटक एकदाच पाहिलंय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कंपनीत विक्री विभागात होतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. डिसेंबरात साहेब बाहेरगावाहून आले, जेवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी मी मुंबईला जाणार. या खुर्चीत तुलाच बघतो मी." एवढंच. मला आठवतंय, मी दचकलो होतो. अनुस्वारताई, तुमचा तो परिच्छेद वाचून घशाला कोरड पडली.

मार्चअखेर आकडा थोडा कमी पडत होता. मी तीन बिलं ३१ मार्चच्या तारखेने फाडली. माल गाडीत चढला ४ एप्रिलला. कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी तर नाहीच नाही. खात्यातले सगळे थोडंफार करतात असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्या रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यावर थांबणार असाल तर ठीक." म्हणजे तिने ढकललं का? नाही. अडवलं का? तेही नाही.

दुसऱ्या मार्चला तीन नाही, अकरा बिलं होती. माल चढायचाच नव्हता. आणि या वेळी बायकोला काही सांगितलं नाही. तिला काळजी नको म्हणून, असं वाटलं होतं. पुढे कधीतरी नाटक पाहिलं. त्यात तो बँकोला मारायला माणसं पाठवतो आणि बायकोला म्हणतो, तू अजाणच राहा, झाल्यावर कौतुक कर. नाट्यगृहात मला उठून जावंसं वाटलं. शेजारी तीच बसली होती.

हिशेबतपासणीत सापडलो. पोलीसबिलीस झालं नाही, राजीनामा घेतला. खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

बाहेरून की आतून ते मला अजून सांगता येत नाही. पण पहिल्या वेळी मी बाहेरची कारणं शोधत होतो. दुसऱ्या वेळी कारण शोधायचीही गरज वाटली नाही.

मोरपंखी_मावशी

हे इथे लिहिलंत, याला धीर लागतो.

चष्मेबद्दूर७७

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

हाफशर्ट

लोकलभाऊंनंतर पांडित्य करणं बरं दिसत नाही, पण राहवत नाही.

धागालेखकांचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन जवळजवळ हेच विचारतो: 'अथ केन प्रयुक्तोऽयं पापं चरति पूरुषः'. इच्छा नसताना, कोणी जबरीने जुंपल्यासारखा माणूस पाप करतो, तो कोणाच्या सांगण्यावरून? 'प्रयुक्त' आणि 'नियोजित' हे शब्द बघा. अर्जुनाला बाहेरचा कोणीतरी हवाय, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. कृष्ण सांगतो, हा काम आहे, हा क्रोध आहे. म्हणजे बोट आतच वळवतो. पण त्याला वैरीही म्हणतो! आत राहणारा, तरी परका. दोरा बांधायचाच तर कुठे बांधणार सांगा.

दुर्योधनाच्या तोंडी घातलेला तो प्रसिद्ध श्लोकही (पांडवगीतेतला, मूळ महाभारतातला नव्हे) असाच: धर्म मला कळतो पण तिकडे माझी प्रवृत्ती नाही, अधर्म कळतो पण त्यातून निवृत्ती नाही, हृदयात बसलेला कोणी देव नेमतो तसं करतो. कबुली आणि पळवाट एका दमात.

पेठकर

म्हणजे नळही आतूनच गळतोय.

गडवाट

अवांतर: आतूनच गळतो, वॉशर गेला असेल. दहा रुपयांचं काम आहे.

कट्ट्यावरचा_सुऱ्या

सगळे मॅकबेथचं मन उलगडताय, त्याचा धंदा कोणी बघतच नाही. तो सेनापती आहे हो! नाटक सुरू होतं तेव्हा एक जखमी शिपाई येऊन सांगतो की मॅकबेथने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा फाडला आणि मुंडकं तटावर टांगलं. हे ऐकून तो संतसज्जन डंकन काय म्हणतो? वा, शूर भावा, थोर माणसा! आणि देशद्रोह केलेल्या कॉडरची सरदारकी काढून त्याला देतो. म्हणजे सकाळी माणूस फाडला की बढती, रात्री फाडला की पाप. असं पोसल्यावर 'अंतर्गत प्रवृत्ती' कुठून आली विचारायचं म्हणजे शेतात ऊस लावून साखर कुठून आली विचारण्यासारखं आहे.

विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'मध्ये (२००३) हे जास्त स्वच्छ दिसतं. तिथे चेटकिणींच्या जागी दोन पोलीस आहेत, ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह. पत्रिका मांडून भविष्य सांगतात आणि ते खरं व्हावं म्हणून टोळ्यांमधला तोलही सांभाळतात. भविष्य सांगणाऱ्यालाच त्यात रस असेल तर ते भविष्य उरतं का? माझं मत दोऱ्याला. फक्त दोरा चेटकिणींच्या हातात नको, डंकनच्या हातात द्या.

अनुस्वार

सुऱ्या, डंकनच्या हातात दोरा ही कल्पना भन्नाट आहे. खरंच.

पण बढती मिळालेला प्रत्येक सेनापती राजाला मारत नाही. मॅकडफही त्याच राजाचा सरदार आहे. बायकोमुलांच्या कत्तलीची बातमी येते तेव्हा मॅल्कम म्हणतो, मर्दासारखा सोस. तो म्हणतो, सोसेन, पण आधी मर्दासारखं ते मला जाणवलंही पाहिजे. 'मर्द' हा शब्द लेडी मॅकबेथ नवऱ्याला टोचायला वापरते, आणि मॅकबेथ पुढे भाडोत्री मारेकऱ्यांना चिथवायला तोच वापरतो, जवळजवळ तिच्याच सुरात. ज्याला चिथवलं तो शिकून पुढे दुसऱ्यांना चिथवायला लागला. मॅकडफ त्या एका शब्दाचा अर्थच फिरवतो.

चेटकिणींच्या ताकदीबद्दल एक राहिलं. मॅकबेथ भेटायच्या आधी त्यातली एक सांगते की एका खलाशाच्या बायकोने चेस्टनट दिले नाहीत म्हणून त्या खलाशाला छळणार. झोप उडवीन, सुकवून टाकीन. पण लगेच म्हणते, त्याचं जहाज बुडू शकत नाही, फक्त वादळात हेलकावे खाईल. शेक्सपिअरने त्यांची हद्द तिथेच आखून दिली आहे. वादळ त्यांच्या हातात, बुडणं नाही.

रानजाई

हं. खलाशाचं मला आठवत नव्हतं. अर्धं मान्य. पण खलाशी वादळात बुडाला नाही म्हणून वादळ निर्दोष ठरत नाही!

निवांत_पाटील

ॲरिस्टॉटल आला की मला उठवा. 'हमार्शिया' आल्याशिवाय शोकांतिकेचा धागा संपत नाही, असा नियम आहे.

अनुस्वार

उठा. गाइडांमध्ये त्याचं भाषांतर 'स्वभावदोष' असं छापतात, पण मूळ शब्द नेम चुकण्याशी जोडलेला आहे. ॲरिस्टॉटल चुकीबद्दल बोलतो, डागाबद्दल नाही. झोपा आता.

विंगेतला (धागालेखक)

सगळ्यांचे आभार. लोकलभाऊ, तुमचा प्रतिसाद मॅकबेथवाल्या मित्राला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बायकोला 'तू अजाणच राहा' हे मी आत्तापर्यंत प्रेमाने म्हणत होतो, आता घाईने म्हणून बघतो.

रविवारच्या तालमीचा वृत्तान्त. दिग्दर्शकांना मी भीतभीत म्हटलं, एकदा दोऱ्याशिवाय करून बघू. मेजवानीतल्या बँकोच्या भुताचं काय, असं त्यांनी विचारलं. अनुस्वारताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, १६२३ च्या छापील प्रतीत 'भूत येतं आणि मॅकबेथच्या जागी बसतं' अशी रंगसूचना आहे, आणि १६११ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात नाटक पाहिलेल्या सायमन फोरमननेही भूत खुर्चीत येऊन बसल्याचं लिहून ठेवलंय. खंजिरासाठी मात्र तशी सूचना कुठेच नाही. तेव्हा भूत चालत येईल, खंजीर नाही. दिग्दर्शक म्हणाले, बघू.

बघायला गेलो तर अडचण वेगळीच निघाली. त्या स्वगतात मॅकबेथ हवेतल्या खंजिराला म्हणतो, तू मला अगदी असाच दिसतोयस, जसा हा, जो मी आता उपसतोय. आणि स्वतःच्या कमरेचा खंजीर काढतो. हे वाक्य आमच्या रंगावृत्तीत नव्हतंच! का नव्हतं? प्रॉपर्टीच्या पेटीत खंजीर एकच होता आणि तो दोऱ्याला बांधलेला. म्हणून पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शकांनी ती ओळ कापली होती, हे तेही विसरले होते.

वाक्य परत घातलं. खंजीर मित्राच्या कमरेला लावला. त्याने समोर रिकाम्या हवेत बघितलं, हात पुढे केला, काही लागलं नाही, आणि दुसरा हात न बघता कमरेकडे गेला. मी स्पॉट द्यायला विसरलो. दिग्दर्शकांनीही थांबवलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाले, "तिघी मागे राहू दे. पण हात बांधून उभ्या राहतील."

सुऱ्या, डंकनच्या हातातला दोरा त्यांना फार आवडला, पण डंकन त्या वेळी आत झोपलेला असतो.

कट्ट्यावरचा_सुऱ्या

झोपेत धरू दे की.

रानजाई

प्रयोग कधी? मावशींना घेऊन येते. आणि लेडीला चांगलं लुगडं द्या, सगळीकडे काळं नेसवतात तिला.

विंगेतला (धागालेखक)

तारीख ठरली की कळवतो. सध्या भाड्याने खंजीर शोधतोय. एक याच्या कमरेचा, दोन पहारेकऱ्यांचे. त्यांच्याच खंजिरांनी खून होतो आणि हा ते भांबावून हातात घेऊन बाहेर येतो. एकूण तीन. कोणाच्या ओळखीत असतील तर सांगा, रक्त लागलं तर धुऊन परत देऊ.

मोरपंखी_मावशी

धुऊन निघतं का ते त्या बाईला विचारा आधी.

पेठकर

कळवण्यास आनंद होतो की नळ बदलला. बायकोने सांगणं बंद केल्याच्या चौथ्या दिवशी.